धुराला मार्क देणारे गृहस्थ

माझ्या भाडेकरारातलं पाचवं कलम असं होतं : ‘भाडेकरूने सकाळी दहा ते बारा या वेळात फोडणी करू नये.’

बाकीची कलमं सगळ्यांच्या करारात असतात तशीच होती. भिंतीत खिळे ठोकू नयेत, गच्चीवर पापड वाळवताना विचारावं, वगैरे. पाचव्या कलमाशी मी थांबले आणि समोर बसलेल्या घरमालकांकडे पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दातांत न पेटवलेला पाइप. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कॉलेजातली माझी नोकरी अजून चार वर्षं उरली होती आणि भोरमध्ये मला दोन खोल्यांची स्वच्छ जागा हवी होती. ही जागा स्वच्छ होती, म्हणून मी उठून गेले नाही.

“हे कसलं कलम?” मी विचारलं.

“माझी कामाची वेळ आहे ती.”

“तुमच्या कामाचा आणि माझ्या फोडणीचा काय संबंध?”

“मोहरी तडतडली की अर्धा तास माझं नाक तुमच्या कढईत असतं, बाई.”

मी पेन काढलं आणि कलमाच्या शेवटी लिहिलं, ‘रविवार वगळून’. त्यांनी ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली लिहिलं, ‘रविवारी हिंग वगळून’. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. मुलांनो, त्या घरात मी पुढे बारा वर्षं राहिले. ते गृहस्थ आता नाहीत. तुम्ही फोनवर विचारता की आजी, तू एकटी तिथे काय करायचीस, म्हणून हे लिहून ठेवते.

त्यांचं काम कोणतं, हे कळायला मला आठवडा लागला. उमेदीची सगळी वर्षं ते एका सिगारेट कंपनीत तंबाखू चाखायला होते. चाखायला म्हणजे, देशभरातून पानांच्या गाठी येत, त्यांतला नमुना बारीक चिरून पाइपात भरायचा, ओढायचा आणि त्यात काय आहे ते कागदावर लिहायचं. दिवसाला पंधरा-वीस नमुने. मूळचे ते वेल्ह्याकडचे, गुंजवण्याच्या बाजूचे. घरचं भाताचं खाचर धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा हे दूर आंध्रात नोकरीवर होते. निवृत्त झाल्यावर परत यायला गाव उरलं नव्हतं, म्हणून भोरला घर बांधलं. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट करायची ठरवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तंबाखूला मार्क दिले, आता पाइपात ओढायचं एक मिश्रण स्वतः करायचं. विकायला नाही, नाव कमवायला नाही. ते बरोबर करायचं, एवढंच. परसात दहा-बारा झाडं लावलेली, खालच्या खोलीत तीन फळ्या, एक अडकित्त्यासारखी मोठी सुरी, सोनाराचा काटा आणि लोणच्याच्या असतात तशा चिनी मातीच्या बरण्या. रोज दहा ते बारा ते त्या खोलीत असत. घंटा वाजल्यासारखं दार लागे आणि घंटा वाजल्यासारखं उघडे. मला हा माणूस आवडायला लागला तो प्रथम या वक्तशीरपणामुळे.

मार्क द्यायची सवय मात्र त्या खोलीत मावत नसे. एसटी स्टँडवरच्या चहाला ते रोज मार्क देत आणि चहावालाही रोज विचारी.

“आज किती, काका?”

“सहा.”

“काल सात होते की!”

“काल आलं ताजं होतं. आज कालचं आहे.”

चहावाला गिऱ्हाइकांकडे बघून म्हणे, “घ्या! पोलीस परवडले.” पण आलं कालचंच असे.

मी कॉलेजातून आले की ओट्यावरून आवाज येई, “आज खडू नव्हता, मार्करने शिकवलंत.” नवीन पुस्तक हातात दिलं तर आधी मधलं पान उघडून हुंगत. पाहुण्याची छत्री, पोस्टाचं पाकीट, तांदळाचं पोतं, काही सुटत नसे. एकदा मी त्यांना गव्हाची खीर दिली. वाटी परत आली तेव्हा मी विचारलं, कशी होती? मला ‘छान’ ऐकायचं होतं, हे उघड आहे.

“वेलदोडा जुना. गूळ चांगला. गहू थोडा कच्चा, पण चिवट नाही. साडेसहा.”

“नुसतं छान म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?”

“छान हा वास आहे की चव?” ते म्हणाले. “आवडलं का ते मी कुणाला विचारत नाही. काय आहे ते सांगा. आवडणं हा ज्याचा त्याचा खाजगी मामला.”

मी पंचवीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासत होते. एका मार्काने नापास झालेल्या मुलांचे आईवडील घरी यायचे, रडायचे. मी मार्क वाढवले नाहीत. रात्री झोप लागायची नाही, पण वाढवले नाहीत. त्यामुळे खिरीच्या साडेसहांचा राग मला दोनच दिवस टिकवता आला.

मिश्रणात तीन पानं होती. एक आंध्रातलं पिवळं, गोडसर, त्यांचा जुना सहकारी पाठवायचा. दुसरं परसातलं, तिखट. तिसरं धुराचं. कुठल्याशा देशात म्हणे तंबाखूची पानं महिनोन्महिने धुरात टांगतात, ती काळी होतात आणि त्यांना धुराची चव लागते. तसलं पान परदेशातून मागवायला ते तयार नव्हते. “पाऊस चार महिने आपल्याकडे. चूल चार महिने आपल्याकडे. मग धूर बाहेरून कशाला आणायचा?”

म्हणून त्यांनी हिर्डोशीच्या वर डोंगरात एक धनगरवाडा गाठला. तिथे ठमाबाई नावाची म्हातारी होती. शेळ्या, चार म्हशी, आणि पावसाळाभर न विझणारी चूल. चुलीच्या वर कामट्यांची ताटी बांधलेली, तिच्यावर ओलं सरपण आणि नाचणीची कणसं वाळत असत. त्या ताटीवर आपली पानं टांगायची, असं ठरलं. आषाढात पानं देऊन आले. दसऱ्यानंतर आणायला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. एसटीने हिर्डोशी, तिथून दीड तास चढ. मी वहाणा घातल्या होत्या, हे चुकलं. पण मी तक्रार केली नाही.

ठमाबाईने पाणी दिलं, ताक दिलं. ताटीवर नाचणी होती. पानं नव्हती.

“पानं कुठं आहेत, बाई?”

“आवं सायेब, पाला पार काळा ठिक्कर पडला हुता. कडाकडा मोडाय लागला. म्या म्हनलं, वाया कशाला घालवायचा?”

“मग?”

“मंग काय? तव्यावर भाजला, कुटला, केली मिसरी. वाड्यातल्या समद्या बायांनी दातं घासली. लई चांगली झाली बगा!”

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या बायका ती दातांना लावतात, आणि एकदा लागली की सुटत नाही. तंबाखूचं काळं, कुरकुरीत पान दिसलं की त्याची मिश्री करायची, हे ठमाबाईला शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या हिशेबी तिने सायबाचं नुकसान वाचवलं होतं.

मला वाटलं, हे आता ओरडतील. चार महिन्यांचं काम गेलं होतं. त्यांनी ताटीवरून बोट फिरवून हुंगलं. मग म्हणाले, “उरलीय का?”

ठमाबाईने कोनाड्यातली डबी काढली. त्यांनी चिमूट घेतली, बोटाने दातांवर फिरवली, डोळे मिटून बसले. बाहेर जाऊन थुंकले, चूळ भरली, परत आले.

“मिश्री म्हणून आठ,” ते म्हणाले. “पान म्हणून शून्य.”

“आट कशातलं?”

“दहातलं.”

“मंग दोन कुटं गेलं?”

“तव्यावरून काढायला उशीर केलात. शेवटी करपली.”

ठमाबाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. “व्हय वं! त्याच टायमाला शेरडी व्याली. म्या गेले तिकडं पळत. आन् सायेब, तुमाला कसं कळलं ते?”

त्या दिवसापासून ती त्यांना मानायला लागली. पुढच्या आषाढापासून ते दोन जुड्या नेऊ लागले. एक सुताने बांधलेली, धुराची. दुसरी काथ्याने बांधलेली, ठमाबाईच्या मिश्रीची. दोन्हींची गल्लत कधी झाली नाही. धूर कुठल्या लाकडाचा हेही ते तिला विचारून लिहून घेत. ऐनाचा किती दिवस, किंजळीचा किती दिवस. वहीत सगळं असे. भोंगवलीकडच्या गुऱ्हाळातून काकवी आणत, तिच्या पाण्याचा हात पानांना लावत, फळ्यांत दाबून वडी करत, वडी चिरून बरणीत भरत, मेणाने तोंड बंद करत. मग वाट बघत. एकेक बरणी वर्षा-दोन वर्षांनी उघडायची. उघडली की स्वतःला मार्क द्यायचे. तीन. साडेतीन. चार. मी निवृत्त झाले त्या वर्षी एका बरणीला साडेचार मिळाले तेव्हा ते मला सांगायला वर आले होते. त्यानंतर दोन वर्षांनी भरलेली बरणी मात्र वेगळी आहे, असं ते म्हणाले. दोन वर्षं बंद ठेवायची. “ही झाली तर झाली.”

ती बरणी उघडायला तीन महिने होते, तेव्हा त्यांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा निघाला.

पुण्याला तपासणी झाली. लहानशी शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी चट्टा काढला आणि सांगितलं की तंबाखू आजपासून बंद, एक झुरकासुद्धा नाही. पुण्याहून आले त्याच संध्याकाळी त्यांनी अकरा पाइप स्पिरिटने धुतले, वाळवले, जुन्या धोतरात गुंडाळले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले.

“हे तुमच्याकडे. मी मागितले तरी द्यायचे नाहीत.”

मी अकरा मोजले आणि कागदावर पोच लिहून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय होती. पहिल्या महिन्यात त्यांचा आवाज चढायचा, चहावाल्याला त्यांनी दोन दिले. एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. “घड्याळ बघायला आलो,” शेवटी म्हणाले, आणि खाली गेले. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. पाइप त्यांनी मागितला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

पण बरणी होती. आठवड्यावर आली होती, आणि तिच्यात काय झालंय ते कळायला कुणाची तरी जीभ हवी होती.

दिवस भरल्यावर त्यांनी बरणी उघडली आणि आधी थोडी तंबाखू आंध्रातल्या सहकाऱ्याला कुरिअरने पाठवली. चार दिवसांनी फोन आला. फोन ठेवून ते वर आले, चेहरा पडलेला.

“दहापैकी दहा म्हणाला.”

“मग?”

“तीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्याने कशालाही सातच्या वर दिले नाहीत. म्हणजे मला काय झालंय ते त्याला कळलंय.”

मग ते हिर्डोशीला गेले, ठमाबाईच्या नवऱ्याकडे. त्याने चिलमीत भरून ओढलं. लई ब्येस, म्हणाला. काय बेस आहे, असं विचारलं तर म्हणाला, समदंच. मग त्यांनी ठमाबाईलाच चिलीम पुढे केली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

“म्या म्हनलं, बाईमानसानं चिलीम वढायची व्हय? लाज हाय का न्हाई सायेब तुमाला? त्या वरच्या मास्तरीणबाईला द्या म्हनलं. त्या शिकल्याल्या हायत, त्यास्नी चालतंय.”

आणि ते सरळ माझ्याकडे आले.

“शक्य नाही,” मी म्हणाले. “मी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. आणि तुमचं हे असं झालेलं डोळ्यांसमोर असताना?”

“पाइपची एक वाटी. पाऊण तास. धूर तोंडात घ्यायचा, छातीत नाही. नंतर जन्मात पुन्हा करू नका.”

“दुसरं कुणी बघा.”

“बघितलं. सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तुम्ही रडणाऱ्या आईबापांसमोर मार्क वाढवले नाहीत.” ते उभेच होते. “बाई, सात वर्षं आहेत त्या बरणीत. चांगली नसेल तर नसेल. पण काय आहे ते मला कळायला हवं.”

मी दोन दिवस मागून घेतले. विचार करून हो म्हटलं. ते चांगलं केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही, तंबाखू वाईटच आणि तुम्ही कुणीही तिच्या वाटेला जायचं नाही. पण हो म्हटलं. आणि एकदा म्हटल्यावर मी ते नीट करायचं ठरवलं. त्यांनी मला तीन आठवडे तयार केलं. बरणी तेवढी थांबली. बिनसाखरेचा चहा, तिखट बंद, रोज सकाळी डोळे मिटून दहा वास. छान, वाईट, बरा हे शब्द बंद. ओलं गोणपाट, भाजलेले वाल, पावसाळ्यात न वाळलेलं सुती लुगडं, पेन्सिलीचं टोक, असं म्हणायचं. चुकलं की ते पुन्हा हुंगायला लावत. पन्नास मुलांच्या वर्गाला मी असं शिकवू शकले असते, तर फार बरं झालं असतं.

मग तो रविवार आला. मी घरात फोडणीच केली नव्हती. सकाळी दहाला धोतरात गुंडाळलेल्यांतला एक पाइप घेऊन मी खालच्या खोलीत गेले. दारखिडक्या उघड्या, कारण धूर त्यांच्याकडे जाता कामा नये. ते खिडकीबाहेर, वारा येतो त्या बाजूला, ओट्यावर खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. त्यांनी बाहेरून सांगायचं आणि मी आत करायचं. पहिली चिमूट नुसती सोडा. दुसरी बसवा. तिसरी दाबा. काडी गोल फिरवा, घाई नको.

पहिल्या झुरक्याला मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबले. मग तोंडात धूर स्थिर झाला आणि मी बोलायला लागले.

“काकवी. करपलेली नाही. मऊ.”

“हं.”

“वाळलेलं गवत. ऊन खाल्लेलं. हे पिवळं पान असेल.”

“कुठलं पान ते सांगू नका. काय आहे ते सांगा.”

दहा मिनिटं हे चाललं. मग धूर आला. चुलीचा, ऐनाचा, धनगरवाड्यातला, खरा. आल्यावर मी खूश झाले. पण तो जाईना. काकवी गेली, गवत गेलं, परसातल्या पानाचा तिखटपणा आलाच नाही. शेवटी शेवटी जिभेला चटका बसत होता आणि तोंडात ओल्या सरपणाशिवाय काही नव्हतं. वाटी संपली तेव्हा मला गरगरत होतं. त्यांनी खिडकीतून गुळाचा खडा आणि पाणी दिलं.

“बोला,” ते म्हणाले.

त्या क्षणी मला सहकाऱ्याचे दहा मार्क समजले. समोर एक आजारी माणूस, टाक हातात घेऊन बसलेला. आठ म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण त्यांनी मला आठ म्हणायला बसवलं नव्हतं.

“सुरुवात खरी आहे,” मी म्हणाले. “पण धूर सगळ्यांवर बसलाय. वर्गात एकच मुलगा बोलतोय आणि बाकीच्यांना त्याने गप्प केलंय. पाच.”

“चार का नाही?”

“सुरुवातीसाठी.”

त्यांनी वहीत पाच लिहिले, माझी सही घेतली आणि आत गेले. दुपारी मी जेवायला बोलावलं तर दार उघडलं नाही. मी वर येऊन बसले. एका माणसाची सात वर्षं मी पाचात बसवली होती, आणि तोंडात अजून तो धूर होता. मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खालून सुरीचा आवाज आला. मी खाली गेले. फळीवर पानं होती, नाकातोंडावर त्यांनी फडकं बांधलं होतं आणि शेजारी जुन्या वह्या उघडून पसरल्या होत्या.

“इकडे या,” ते म्हणाले. “हे बघा. सात वर्षांपूर्वी धुराचं पान, शंभर भागांत बारा. मग पंधरा. मग वीस. या बरणीला तीस. दर वेळी मी लिहिलंय, धूर कमी पडतो.” त्यांनी वही बोटाने ठोकली. “धूर कमी पडत नव्हता, बाई. माझी जीभ मरत होती. मला धूर लागत नव्हता म्हणून मी वाढवत गेलो. डॉक्टरला जे यंदा दिसलं ते या वहीत चार वर्षं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.”

मी चारही आकडे पुन्हा वाचले.

“सगळे बेस म्हणाले असते तर हे कधीच कळलं नसतं,” ते म्हणाले, आणि सुरी पुन्हा चालू झाली. “धूर किती जास्त वाटला? अंदाजाने.”

“निम्म्याने.”

“मग पंधरा घालतो. दोन वर्षं बंद. तुम्ही कुठे जाणार नाही ना?”

“मुलाकडे सहा महिने जायचंय. तिकीट काढलंय.”

“या जाऊन. पण तिकडे तिखट खाऊ नका. जीभ जपा.”

म्हणून मुलांनो, त्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आले तेव्हा मी लोणचं खात नव्हते, तुम्ही आणलेल्या तिखट चिप्सही नको म्हणाले. तुम्ही का म्हणून विचारलंत, तेव्हा मी पित्ताचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. एवढं एकच खोटं मी तुमच्याशी बोलले आहे.

मी तिकडे असताना त्यांचा आजार परत आला. मोठी शस्त्रक्रिया झाली, जिभेचा बराच भाग काढावा लागला. मला त्यांनी फोनवर कळू दिलं नाही. फोनच उचलत नसत, मेसेज करत : ‘पाऊस ठीक. बरणी ठीक.’ मी परत आले तेव्हा त्यांचं बोलणं चार-चार शब्दांवर आलं होतं आणि तेही लक्ष देऊन ऐकावं लागे. पातळ भात, वरण, एवढंच खात. त्याला मार्क देत नसत. पण दहा ते बारा खोलीत बसत, बरणीला हात लावून बघत, वहीत काही लिहीत. ठमाबाई एकदा डोंगर उतरून त्यांना भेटायला आली. त्यांच्याकडे बघून म्हणाली, “सायेब, लई वाळला वं.” त्यांनी काथ्याची जुडी काढून तिच्या हातात दिली. त्या वर्षीची राहिली होती.

दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी त्यांनी मेण स्वतः फोडलं. या वेळी ते ओट्यावर बसले नाहीत, इतका वेळ बसवत नव्हतं. दारात कॉट टाकली आणि उशीला टेकून बसले. मी खिडकीशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. सोडली, बसवली, दाबली, काडी फिरवली.

मी पाऊण तास बोलत होते. काकवी आली. गवत आलं. मग परसातलं तिखट पान आलं, जे मागच्या वेळी आलंच नव्हतं. धूर आला आणि बाजूला जाऊन बसला. वाटीच्या तळाशीही गोडवा होता, जीभ भाजली नाही. मध्ये एकदा, दहा मिनिटं, परसातलं पान थोडं उग्र झालं, तेही मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. हाडांवर कातडी तेवढी उरली होती. मी त्या चेहऱ्याकडे बघत वाटी रिकामी केली.

“साडेसात,” मी म्हणाले.

त्यांनी टाक उचलला आणि वहीत लिहिलं. सात.

“मी साडेसात म्हणाले.”

“ऐकलं.” त्यांनी श्वास घेतला. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “अर्धा मला दिलात. मिश्रणाचे सात.”

मी तोंड उघडलं. आयुष्यभर पेपर तपासले होते, माझा मार्क असा कुणी खोडला नव्हता. पण उग्र झालेली ती दहा मिनिटं मला आठवली, आणि अर्धा मार्क मी कशाकडे बघत दिला तेही आठवलं.

मी वही पुढे ओढली आणि सातखाली सही केली.